फळ्यावरची मूल्ये आणि फलाटावरची मूल्ये

सद्गुण शिकवता येतो का, हा प्रश्न फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात प्लेटोने लिहिलेल्या ‘मेनो’ या संवादाचा आरंभच या प्रश्नाने होतो. सद्गुण शिकवण्याने येतो, सरावाने येतो, की तो उपजतच असतो, असे मेनो विचारतो. सॉक्रेटिस त्या संवादात त्याला ठाम उत्तर देत नाही. आज तोच प्रश्न खरवई, कुळगाव, अंबरनाथ या परिसरातील प्रत्येक आईवडिलांपुढे आहे. मुलाला गणित कोणीतरी शिकवील, इंग्रजीची शिकवणी लावता येईल. पण प्रामाणिकपणाची शिकवणी कोठे लावायची?

आपल्या शाळांनी या प्रश्नाला एक उत्तर दिले. नव्वदच्या दशकापासून महाराष्ट्रातील शाळांच्या परिपाठात मूल्यशिक्षणाला स्थान मिळाले. श्रमप्रतिष्ठा, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा ही दहा मूल्ये अनेक शाळांच्या भिंतींवर सुवाच्य अक्षरांत लिहिलेली आढळतात. यादी उत्तम आहे. तिच्यातील एकही शब्द गाळावा असा नाही. तथापि ‘श्रमप्रतिष्ठा’ हा शब्द शुद्ध लिहिणारा विद्यार्थी डबा खाऊन झाल्यावर सांडलेले अन्न तसेच टाकून उठतो, कारण ‘ते मावशी उचलतील’. त्याला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे. त्या शब्दाचा आणि मावशींचा काही संबंध आहे, हे मात्र त्याला ठाऊक नाही.

संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संमतीचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक संमती केवळ कल्पनेला दिलेली असते, तर दुसरी प्रत्यक्षाला. पहिली बुद्धीपाशीच थांबते. दुसरी माणसाला कृतीला प्रवृत्त करू शकते. ॲरिस्टॉटलचेही म्हणणे असे, की घर बांधता बांधता माणूस गवंडी होतो, तसाच न्यायाची कृत्ये करता करता तो न्यायी होतो. परिपाठातील मूल्ये पहिल्या प्रकारच्या संमतीपाशी अडकतात. त्यांना दुसऱ्या प्रकाराकडे न्यायचे असेल तर त्यांची गाठ मुलाच्या रोजच्या जगण्याशी घालावी लागेल.

हा विचार आपल्याच भूमीत रुजलेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह ते वाढवले. आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा मुले चुकारपणा करतात असा शेरा न मारता या बाईंनी शाळाच कुरणात नेली. त्या ‘कुरणशाळे’चे मर्म एवढेच, की मूल जेथे जगते तेथून शिक्षणाने आरंभ करावा.

परंतु येथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. ‘अनुभव हाच गुरू’ असे आपण सहज म्हणतो. पण हा गुरू सद्गुणांइतकेच दुर्गुणही तन्मयतेने शिकवतो. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. सहा वर्षांच्या मुलाला आई हळूच सांगते, “कोणी विचारले तर चार सांग हं.” काही रुपये वाचतात. त्या दिवशी त्या मुलाला आयुष्यातील एक ठसठशीत अनुभव मिळालेला असतो. खरेपणाची किंमत किती आणि ती कोठे चुकवावी लागत नाही, हे तो कोणत्याही परिपाठाविना शिकलेला असतो. गल्लीतील नळावर दांडगाई करणाऱ्याचा हंडा आधी भरतो, हे तो पाहतो. ओळख असेल तर कचेरीतील काम लवकर होते, हे तो ऐकतो. तेव्हा प्रश्न असा, की अनुभव जर दोन्ही शिकवतो, तर तो मूल्यांचा शिक्षक कसा ठरेल?

माझ्या मते उत्तर असे आहे : अनुभव एकटा शिकवत नाही, त्याच्याजवळ थांबून विचारलेला प्रश्न शिकवतो. प्रभू येशूची अध्यापनपद्धती या दृष्टीने न्याहाळण्यासारखी आहे. पीठ फुगवणारे खमीर, घरात हरवलेले नाणे, वाटेवर सांडलेले बी, अशी त्याच्या दाखल्यांतील सामग्री श्रोत्यांच्या घरातली आणि शेतातली होती. शास्त्र्याने शेजारी कोण असे विचारले, तेव्हा येशूने शेजाऱ्याची व्याख्या दिली नाही. त्याने दयाळू शोमरोन्याचा दाखला सांगितला आणि अखेरीस त्या तिघांपैकी शेजारी कोण ठरला, असा उलट प्रश्न केला. उत्तर शास्त्र्याच्याच तोंडून आले. त्यानंतर त्याला सांगण्यात आले ते एवढेच, की जाऊन तसेच कर. पाहणे, विचारणे, स्वतः उत्तर शोधणे आणि तसे वागणे हा क्रम आहे. आपण बहुधा मधल्या दोन पायऱ्या गाळतो आणि गोष्ट सांगून लगेच ‘तात्पर्य’ फळ्यावर लिहून मोकळे होतो.

आपल्या शेजारचेच एक उदाहरण घेऊ. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकात एका दृष्टिहीन मातेचा हात धरून चालणारे बालक फलाटावरून रुळांवर पडले. समोरून भरधाव गाडी येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून धावत गेले, त्यांनी मुलाला फलाटावर चढवले आणि क्षणार्धात स्वतःही वर आले. पुढे रेल्वेने त्यांना पन्नास हजार रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा त्यातील निम्मी रक्कम त्या मुलाच्या शिक्षणासाठी देण्याचे त्यांनी सांगितले. ही हकिगत वर्गात सांगितली की मुले टाळ्या वाजवतात. टाळ्यांवर थांबलो तर मुलांच्या हाती एक शूर माणूस लागतो, मूल्य लागत नाही. त्याऐवजी विचारावे : यांतील अवघड गोष्ट कोणती, धावणे की निम्मे पैसे देणे? धावताना विचाराला वेळच नव्हता. तेथे वर्षानुवर्षांच्या कर्तव्याची सवय धावली असावी. पैसे देताना मात्र विचाराला भरपूर वेळ होता आणि नकाराची सबबही हाताशी होती. तेथे निवड होती. असा प्रश्न विचारला की वर्गात मतभेद होतात, आणि त्या मतभेदातच मुले स्वतःकडे वळतात. रुळांवर धावण्याचा प्रसंग त्यांच्यापैकी फारच थोड्यांवर येईल; पण मिळालेल्यातले निम्मे देण्याचा प्रसंग डबा उघडताना रोज येतो.

याच बदलापूरने आपल्याला दुसरा, फार कटू धडाही दिला आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये येथील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी रेल्वेमार्ग रोखून धरला आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. त्या दिवसांत लोकलच्या डब्यात, जिन्यात, मुलांच्या देखत मोठी माणसे याविषयी बोलत होती. मुलांनी ते सारे ऐकले. पण त्यांच्याशी किती जण बोलले? या घटनेने मूल्यशिक्षणापुढे ठेवलेला प्रश्न बिकट आहे. ‘मोठ्यांचे ऐकावे’ हे आपण शिकवलेले पहिले मूल्य. निरपवाद आज्ञाधारकपणा हाच जर सद्गुण मानला, तर दुष्टाच्या हाती आपण मुलाला निःशस्त्र करून देतो. संत थॉमस अक्वायनस यांनीही आज्ञापालनाला मर्यादा घातली आहे. पापाची आज्ञा पाळणे हा सद्गुण नव्हे. म्हणून ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य आणि घडलेले घरी सांगण्याचा निर्भयपणा हीही मूल्येच आहेत, आणि ती मुलाला रोजच्या लहान प्रसंगांतूनच मिळतात. नातेवाइकाचा पापा नकोसा वाटला तर तसे म्हणण्याची मुभा ज्या मुलाला घरात आहे, त्याला बाहेरही आवाज फुटण्याची शक्यता अधिक. यातून आपल्या संस्था, आपले धर्मशिक्षण वर्ग यांनाही सूट नाही. बालकांच्या संरक्षणासाठी २०१९ च्या फेब्रुवारीत पोपमहोदय फ्रान्सिस यांना जगभरच्या धर्माध्यक्षपरिषदांच्या अध्यक्षांना व्हॅटिकनमध्ये बोलवावे लागले, हे विसरून आपल्याला मूल्यांवर बोलता येणार नाही.

मग घरी काय करावे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. हे शिक्षकपद पेलण्यासाठी व्याख्यान देता यायला हवे असे नाही. रात्री जेवताना ‘आज किती गुण मिळाले’ याबरोबर ‘आज कोणाला तुझी गरज पडली’ असेही विचारता येईल. २६ जुलै २००५ च्या पुरात, किंवा २०१९ च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली तेव्हा कोण कोणाच्या उपयोगी पडले, हे शेजारच्या आजीकडून ऐकून यायला मुलांना सांगता येईल. आपले ताट आपण उचलणे, मोडलेली वस्तू लपवण्याऐवजी सांगणे, मावशींना नावाने हाक मारणे ही कामे मुलांबरोबर आईवडिलांनीही करावीत. आणि तिकिटाच्या खिडकीपाशी मुलाचे खरे वय सांगावे. त्या वेळी मूल आपल्याकडे पाहत असते. त्याच्या पाठ्यपुस्तकात तो धडा छापलेला नसतो, तरी तो त्याच्या अधिक ध्यानात राहतो.

सद्गुण शिकवता येतो का, याचे उत्तर मला एवढेच सुचते : तो सांगता येत नाही, पण सोबतीने आचरता येतो. मुलाबरोबर तो आचरताना आपणही थोडे शिकतो, आणि बहुधा आपल्यालाच त्याची गरज अधिक असते.