मदत, अटी आणि कामाची ओढ

गरिबाच्या हाती रोख पैसे दिले की तो काम सोडून बसतो, ही समजूत जुनी आहे. ती तपासून पाहायची तसदी मात्र क्वचितच घेतली जाते. २०११-१२ मध्ये ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने मध्य प्रदेशात ती घेतली. इंदूर परिसरातल्या आठ गावांत प्रत्येक प्रौढाला दरमहा आधी २०० आणि पुढे ३०० रुपये, मुलांना त्याच्या निम्मे, असे पैसे विनाअट मिळत गेले. लोकांनी काम सोडलं नाही, पण काहींच्या कामाची जागा बदलली. जमिनीचा तुकडा असूनही बी-बियाण्याला पैसा नाही म्हणून जे दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जात, ते बियाणं-खत आणून घरच्या रानात राबू लागले. कोणी शेळ्या घेतल्या. मजूर लावणाऱ्याला हा आळस वाटेल, पण राबणाऱ्याच्या दृष्टीने ही बढतीच आहे.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे, की दोन-तीनशे रुपयांत कोणाचंच भागत नाही, मग काम सुटेल कसं? मोठ्या रकमेचा दाखला अमेरिकेत आहे. टेक्सास आणि इलिनॉयमध्ये एक हजार लोकांना तीन वर्षं दरमहा १००० डॉलर दिले गेले. २०२४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा त्यांचं काम आठवड्याला सुमारे सव्वा तासाने घटलेलं दिसलं. ही घट मान्य करायला हवी. पण एवढ्या रकमेपुढे ती किरकोळ आहे. समाज हातपाय गाळून बसल्याचं हे लक्षण नव्हे.

कामाची ओढ खरी मारतात ते मदत काढून घेण्याचे नियम. फिनलंडने २०१७-१८ मध्ये दोन हजार बेरोजगारांना दरमहा ५६० युरो दिले आणि काम मिळालं तरी ते चालू ठेवले. दुसऱ्या वर्षी त्यांचे कामाचे दिवस इतरांपेक्षा सरासरी सहाने वाढले. त्याच वर्षी भत्त्याचे नियम बदलल्यामुळे याचं सगळं श्रेय प्रयोगाला देता येत नाही, तरी हमीच्या पैशाने लोक घरी बसले नाहीत एवढं नक्की. आपल्या लाडकी बहीण योजनेत मात्र कौटुंबिक उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असण्याची अट आहे. त्यावर थोडी कमाई वाढली की महिन्याचे १५०० रुपये पूर्णच जातात. हा कडेलोट सरकारने टाळावा आणि उत्पन्न वाढेल तशी मदत टप्प्याटप्प्याने कमी करावी.