कडव्यापुरते हलके पाय

बसा. पाटावर, चटईवर किंवा खुर्चीत, पण तळपाय अनवाणी फरशीला टेकू द्या. आजच्या मननाला कानांइतकेच तळपाय लागणार आहेत. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, तो येतो-जातो तसा असू दे. फरशीचा गारवा कुठे कुठे लागतो तेवढं बघा. टाच. चवडा. अंगठा.

आता पायांखालची फरशी मनानेच काढून घ्या आणि तिथे लाकूड ठेवा. वीतभर उंचीची, आतून पोकळ, फळ्यांची एक बैठी चौकी, आवाज घुमावा म्हणून कडेला भोकं ठेवलेली. मेक्सिकोच्या आखातालगत वेराक्रूज नावाचं राज्य आहे, तिथे हिला तारिमा म्हणतात. गावात लग्न असो, बाप्तिस्मा असो, संताचा सण असो, अंगणात तारिमा मांडली जाते आणि माणसं तिच्याभोवती गोळा होतात. या गोळा होण्याला फांदांगो म्हणतात, आणि तिथे जे वाजतं, गायलं जातं, पायांनी बडवलं जातं ते सोन हारोचो. गाणारे एका बाजूला आणि ऐकणारे समोर, अशी मांडणी इथे नसते. तारिमेला लागून जाणते वादक, त्यांच्यामागे शिकणारे, त्यांच्यामागे नुसते बघायला आलेले. बोटं दुखू लागली की एक जण मागे सरकतो, मागचा पुढे येतो. उजाडेपर्यंत हे चालू राहतं.

एक वाद्य मांडीवर घ्या. हाराना. आकाराने लहानशी गिटार वाटेल, पण तिची घडण वेगळी आहे. गिटार तुकडे जोडून होते. हाराना सीडरच्या एकाच ओंडक्यातून कोरून काढतात, मान आणि पोट सलग, पोट आतून पोखरलेलं, वर पातळ फळी चिकटवलेली. पोखरणारा मधूनमधून ओंडका कानाशी नेत असेल, बोटाने टिचकी मारत असेल, असं मला नेहमी वाटतं. तिला बहुधा आठ तारा असतात, पाच जागांवर बसवलेल्या, आणि त्या छेडायच्या नसतात, हात खाली-वर झोकून वाजवायच्या असतात. शेजारी रेकिन्तो, शिंगाच्या लांब पातळ पट्टीने सूर टोचणारा. आणि कीहादा. हा गाढवाचा जबडा. तो इतका वाळवतात की दात खोबणीत सैल होतात. मग मुठीचा एक ठोसा मारला की सगळे दात एकदम खुळखुळतात. जन्मभर ओझी वाहिलेल्या जनावराचा जबडा मेल्यावर ताल धरतो. या आवाजापाशी थोडा वेळ राहा. घाई नाही.

ऐकताना ओळखता येतं का बघा, कुठला धागा कुणाचा. तारा स्पेनहून आल्या. पायांच्या तालात आणि सवाल-जवाबात आफ्रिका आहे, वेराक्रूजच्या बंदरात साखळदंडांनी उतरवलेल्या माणसांची. आणि माती मूळ रहिवाशांची, नाहुआ आणि पोपोलुका लोकांची. आजकाल ‘फ्यूजन’ म्हटलं की दोन कलाकारांनी स्टुडिओत ठरवून केलेला मेळ डोळ्यांसमोर येतो. मला तो शब्द इथे अपुरा वाटतो. हा मेळ कुणाला विचारून झालेला नाही. एकाच्या जहाजातून दुसरा तिसऱ्याच्या भूमीवर आला, आणि ज्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती त्यांना एका फळीवर ताल सापडला.

सत्तेला हे आवडलं नाही. १७६६ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, ‘एल चुचुम्बे’ या गाण्यावर बंदी घातली. तक्रार अशी होती की त्याच्या कडव्यांत पाद्र्यांची टर उडवलेली आहे आणि नाचात पोटाला पोट लागतं. तक्रार करायची म्हणून कडवी कागदावर उतरवावी लागली, कागद दप्तरात गेले, आणि त्या दप्तरातच गाण्याचे शब्द टिकले. चाल मात्र गेली. दोनशे वर्षांनी वेराक्रूजच्या वादकांनी त्या शब्दांना नवी चाल बांधली. ज्याने मिटवायला लिहून घेतलं त्याच्याच हस्ताक्षरातून हे गाणं परत आलं. डोळे मिटून त्या लिहिणाऱ्याच्या हाताकडे बघा. बोरू चालतो आहे, ओठ नकळत कडवं पुटपुटत आहेत.

‘ला बाम्बा’ तुम्ही ऐकलं असेल. ते मुळात फांदांगोतलं जुनं गाणं. १९५८ मध्ये रिची व्हॅलेन्स या सतरा वर्षांच्या मेक्सिकन-अमेरिकन मुलाने ते रॉकच्या तालात गायलं आणि ते जगभर गेलं. गावांतला फांदांगो मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापासून विरळ होत चालला होता. सोन हारोचो उरला तो हॉटेलांत आणि पांढऱ्याशुभ्र पोशाखातल्या नाचाच्या मंडळांत. १९७७ मध्ये मोनो ब्लांको हा गट उभा राहिला आणि त्याने उलटी वाट धरली. हे लोक गावोगावच्या म्हाताऱ्यांकडे शिकायला गेले. आर्काडिओ इदाल्गो नावाचे शेतकरी गवई, ज्यांनी तरुणपणी मेक्सिकन क्रांती पाहिली होती, ते उतारवयात या मुलांबरोबर बसून गायले.

इथून हाराना उत्तरेला गेली. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात, मेक्सिकन मुळांच्या चिकानो वस्तीत. तिथे १९९२ चा एप्रिल संपत आलेला. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस निर्दोष सुटले आणि शहर पेटलं. दोन वर्षांनी, १ जानेवारी १९९४ ला, दक्षिण मेक्सिकोतल्या चियापासमध्ये झापातिस्तांनी, मूळ रहिवाशांच्या सशस्त्र संघटनेने, उठाव केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी एक कायदा मंजूर केला, कागदपत्रं नसलेल्यांना सरकारी शाळा आणि बरेचसे उपचार बंद करणारा. पुढे न्यायालयाने तो अडवला, पण शेजारी आपल्याविषयी काय ठरवून बसलेत हे त्या वस्तीतल्या मुलांना कळून चुकलं होतं. या दिवसांत केत्साल हा गट घडला. केत्साल फ्लोरेसची हाराना, मार्था गोन्सालेसचा आवाज, सोबत बेस, ड्रम, व्हायोलिन, रॉक आणि सोल. १९९७ मध्ये ईस्ट एल.ए.चे कलावंत चियापासला गेले, झापातिस्तांबरोबर राहिले, त्यांत हेही होते. पुढे मार्था आणि केत्साल फ्लोरेस वेराक्रूजला राहून आले. तिथल्या बायकांबरोबर गाणी रचली. गटाच्या २०१२ च्या ‘इमॅजिनरीज’ या अल्बमला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं.

ग्रॅमीपाशी थांबू नका. मार्थाच्या पायांपाशी या. रंगमंचावर ती तारिमा ठेवते आणि तिच्यावर उभी राहून गाते, पायांनी वाजवते. ड्रमच्या शेजारी ही फळी तितक्याच मानाचं वाद्य असते. हे लोक एक शब्द वारंवार वापरतात, कोन्विवेन्सिया. सहवास म्हणता येईल, पण नुसतं सोबत असणं पुरत नाही. सोबत राहताना दुसऱ्याची जाण ठेवणं त्यात आलं. या गाण्यांत स्थलांतरितांविषयी, मजुरांविषयी, बायकांविषयी शब्द आहेत, आणि ते नेमके, धारदार आहेत. तरी मला या संगीताचं खरं राजकारण शब्दांच्या आधी ऐकू येतं. ते असं ऐका.

तारिमेवर दोघी नाचत आहेत. सगळ्या हाराना एकदम खाली-वर. टाच, चवडा, टाच. फळी गडगडते, पोटात जाणवते. मग कडेचा कुणीतरी गळा साफ करून कडवं सुरू करतो, आणि त्या क्षणी नाचणाऱ्यांचे पाय हलके होतात. थांबत नाहीत, ताल तोच, पण आता फळीवरून नुसते घासत जातात, शब्द ऐकू यावा म्हणून. कुणी खूण केलेली नसते. गाणारा म्हातारा असो की पहिल्यांदाच तोंड उघडणारी दहा वर्षांची मुलगी असो, पाय तितकेच हलके होतात. कडवं संपलं की पुन्हा गडगडाट.

हे तुमच्या तळपायांनी करून पाहा. आधी फरशीवर जोरात. मग हलकं. जोर कमी करताना ताल सुटू द्यायचा नाही, हे किती कठीण आहे ते पिंढऱ्यांना कळेल. पुन्हा करा. हलके पाय हे थकलेले पाय नसतात, त्यांत सगळी ताकद तशीच असते, फक्त राखून ठेवलेली.

आता शेवटची जागा. पॅसिफिकचा किनारा, एकीकडे मेक्सिकोतलं तिहुआना, दुसरीकडे अमेरिकेतलं सान दिएगो. मधे लोखंडी खांबांचं कुंपण, वाळूतून चालत थेट समुद्रात उतरलेलं. २००८ पासून वर्षातून एकदा इथे फांदांगो भरू लागला. दोन्ही बाजूंना तारिमा, दोन्ही बाजूंना हाराना. पुढे कुंपणावर इतकी बारीक जाळी बसली की तिच्यातून फार तर करंगळीचं टोक जाई. दोन बाजूंना राहिलेल्या आईने आणि मुलाने तेवढंच टेकवायचं.

तुम्ही अमेरिकेच्या बाजूच्या तारिमेवर आहात. वारा खारा आहे, लोखंड गंजलेलं आहे. तुमचे पाय जोरात आहेत. जाळीपलीकडे चेहरा दिसत नाही, नुसती एक सावली हलते, आणि तिहुआनाच्या बाजूने एक बाई कडवं सुरू करते. तुमच्या पायांखालची फळी हलकी वाजू लागते.