शरणागताचे वजन

लालबागला एका सप्ताहात आम्ही शिबिराजाचा दृष्टांत दिला होता. ब्रह्मदेशातल्या यादवीमुळे २०२१ पासून मिझोरममध्ये आलेल्या लोकांचेही बोलणे ओघात निघाले. कीर्तन आटोपल्यावर एक गृहस्थ पुढे आले. म्हणाले, "बुवा, कबुतर वाचलं, बरं झालं. पण ससाण्यानं उपाशी मरायचं का? आमच्या एका खोलीत आठ माणसं. थारा द्यायचा तो कुणाच्या ताटातला?"

प्रश्न झोंबला, पण खोटा नव्हे. वनपर्वात ससाणाही हेच विचारतो, आणि राजा त्याला पापी म्हणत नाही. त्यापुढचे एक स्थळ आम्ही कीर्तनकार बहुधा गाळतो. राजा प्रथम बैल, डुक्कर, हरिण, रेडा देऊ करतो. म्हणजे शरणागताचे मोल दुसऱ्याच्या अंगातून! ससाणा ऐकत नाही, तेव्हा कुठे तो स्वतःच्या अंगाला सुरी लावतो.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे आपल्याकडे आली. आसरा तात्पुरता, तिकडे निवळले की परत, असे सरकार म्हणत होते. आम्ही तेव्हा गिरगावात शाळकरी पोर. १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लागू झाले, वर ‘शरणार्थी सहायता’ अशी अक्षरे. कोकणात पाकीट धाडताना आई म्हणे, "लाव बाबा, त्यांच्याही पोरांना भूक लागतेच की." सक्तीच्या पैशाला दान म्हणावे काय? शास्त्राने नाही, कर तो कर. आईचे मात्र दानच झाले, असे आम्ही मानतो.

पण फुशारकी नको. त्रिपुराची वस्ती तेव्हा साडेपंधरा लाखांच्या आसपास. आलेले निर्वासित जवळजवळ तितकेच. मांडी कापली गेली ती तिथल्यांची, मुंबईचे नखही दुखले नाही. ससाणा पाठीशी असता कबुतराला हाकलू नये, याविषयी आम्हांस शंकाच नाही. अडते ते तराजूपाशी. सीमेवरच्या शेतकऱ्याने त्यात बसायचे आणि आम्ही बुवांनी गादीवरून धर्म सांगायचा, हा तर पुन्हा बैल-रेड्यांचाच मार्ग झाला. त्या गृहस्थांना आम्ही तसे कबूल केले.

आणि ‘तात्पुरता’ म्हणजे किती दिवस? ती मुदत पंचांगात मिळायची नाही. ससाण्याच्या घिरट्या चालू आहेत तोवर ती संपत नाही. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात शरणागती झाली आणि पुढच्या काही महिन्यांत बहुतेक मंडळी आपल्या गावी परतली. पाच पैशांचे तिकीट मात्र ३१ मार्च १९७३ पर्यंत चालू होते. पाहुणे गेले तरी आई ते लावीतच होती.