गुरूकडे नियम मागणारी बाई

1957 साली इंग्लंडमधल्या चेटकिणींच्या एका छोट्या मंडळात भांडण पेटलं. कारण तसं नेहमीचंच, गुरूला लागलेला प्रसिद्धीचा सोस. जेराल्ड गार्डनर हा मलायातल्या कस्टम खात्यातून निवृत्त झालेला, सत्तरी ओलांडलेला गृहस्थ. ज्या धर्माला पुढे जग ‘विक्का’ म्हणून ओळखू लागलं, त्याचा तो प्रवर्तक. वर्तमानपत्रवाला समोर आला की त्याला बोलल्यावाचून राहवत नसे. छापून येई ते बऱ्याचदा बदनामीचं, आणि नोकरी सांभाळून, शेजाऱ्यांपासून लपवून पूजेला येणाऱ्यांच्या जिवाला घोर लागे. तेव्हा मंडळाची मुख्य पुजारीण डोरीन व्हॅलिएन्टे आणि तिच्या बाजूच्या मंडळींनी नियमांचा मसुदा करून गार्डनरकडे पाठवला. बाहेर बोलायचं ते इतरांना विचारून, असा त्याचा साधा, व्यवहारी रोख होता.

गार्डनरने कळवलं, नव्या नियमांची गरजच नाही, आपले पूर्वापार कायदे आहेतच. आणि ते कायदे त्याने काढूनही दाखवले. भाषा मुद्दाम जुनाट. त्यात एक कलम असं, की तरुण बाई पुढे आली की पुजारिणीने खळखळ न करता तिच्यासाठी पायउतार व्हावं. व्हॅलिएन्टे तेव्हा पस्तिशीत होती. हे कायदे इतके जुने, तर इतक्या वर्षांत त्यांचं नाव एकदाही कसं निघालं नाही, असं तिला वाटलं. ती आणि तिच्या बाजूचे लोक मंडळ सोडून गेले.

पोथी कशी तयार होते हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण ती तयार करण्यात तिचा हात होता. 1953 साली दीक्षा घेतल्यावर तिने मंडळाची वही वाचली आणि तिच्या लक्षात आलं की ‘प्राचीन’ म्हणून चाललेला बराच मजकूर ॲलिस्टर क्रोली या अलीकडच्याच लेखकाचा आहे. तिने ते तोंडावर सांगितलं. तुला जमत असेल तर तू बरं लिही, अशा अर्थाचं गार्डनर बोलला, आणि तिने खरंच लिहिलं. आज जगभरचे विक्कन देवीच्या मुखी घालून जे निवेदन म्हणतात, त्याचं प्रचलित रूप बव्हंशी तिच्या हातचं आहे.

ही दीक्षा काय असते, हेही पाहायला हवं. डोळ्यांवर पट्टी, दोरीने बांधलेले हात, छातीशी टेकवलेलं शस्त्राचं टोक. शिवाय चढत्या तीन पायऱ्या. ज्याला बुवाबाजीची चीड आहे तो अशा वर्तुळात पाऊल कशाला टाकेल? मला वाटतं, देवाधर्माची ओढ आणि देवाच्या एजंटांचा तिटकारा या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व निसर्गपूजेची वाट धरलेल्या, मंडळांत येणारे पुष्कळ जण चर्चच्या उपदेशाला कंटाळून आलेले असतात. त्यांना ऋतूंचे सण हवे असतात, चंद्र हवा असतो, चार माणसांच्या सोबतीने म्हटलेलं काहीतरी हवं असतं. पाठोपाठ येणारा महंत नको असतो. पण चार माणसं एकत्र आली की कुणीतरी दिवा लावतो, कुणीतरी क्रम ठरवतो, आणि तिथूनच प्रश्न सुरू होतो.

सुरुवातीला या धर्माने आपला अधिकार प्राचीनतेवर उभा केला. मार्गारेट मरे या विदुषीने 1921 मध्ये मांडलं होतं की युरोपातल्या चेटकिणी म्हणजे ख्रिस्तपूर्व धर्माचे गुप्त अनुयायी. 1735 चा चेटूकविरोधी कायदा 1951 मध्ये रद्द झाला, आणि 1954 मध्ये गार्डनरने पुस्तक लिहून सांगितलं की तो धर्म अजून जिवंत आहे. मरेबाईंचा सिद्धान्त इतिहासकारांनी पुढे मोडीत काढला. पण परंपरा जुनी आहे या एका वाक्यावर गुरूची गादी किती भक्कम बसते, हे 1957 च्या त्या कलमातून दिसलं.

इथे महात्मा फुले आठवतात. सत्यशोधक समाज 1873 चा. भटजीवाचून लग्नं लावायची, तर विधी लागणारच. फुल्यांनी तो स्वतः रचला, मंगलाष्टकांसकट. पण तो वेदकाळापासून चालत आलाय असा बहाणा केला नाही. विधी माणसानेच केलाय हे उघड असलं की तो बदलताही येतो, आणि करणाऱ्याला जाबही विचारता येतो.

अमेरिकेतला एक प्रकार याहून गमतीचा. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात विद्यार्थ्यांना धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती होती. 1963 मध्ये काही पोरांनी निषेध म्हणून प्राचीन केल्टिक पुरोहितांच्या नावाने ‘सुधारित ड्रुइड’ पंथ काढला आणि टेकडीवर भरणारी आपली सभा हीच आमची उपासना, असं म्हटलं. पुढच्या वर्षी सक्ती उठली. पंथ तिथेच मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण काहींना त्या टेकडीवर खरोखरच काहीतरी गवसलं होतं. आणि सक्तीविरुद्धच्या या थट्टेतही पुरोहितपदाच्या पायऱ्या होत्याच!

व्हॅलिएन्टेही दुसऱ्यांदा पोळली. 1964 च्या सुमारास ती रॉबर्ट कॉक्रेन या तरुण, तल्लख माणसाच्या मंडळात गेली. तोही हळूहळू हुकूमशहासारखा वागू लागला. गार्डनरच्या अनुयायांचा काटा काढायची भाषा तो बोलू लागला तेव्हा तिने भर बैठकीत त्याला विरोध केला आणि तिथूनही बाहेर पडली. गार्डनरशी आपलं भांडण होतंच, म्हणून त्याच्या माणसांविरुद्धचं काहीही ऐकून घ्यायचं, हे तिला पटलं नाही. एकदा अंगवळणी पडलेला संशय सगळीकडे उपयोगी पडतो, असं मात्र नाही. 1970 च्या दशकात हीच बाई काही काळ ‘नॅशनल फ्रंट’ या वंशवादी पक्षाची सभासद होती. पुढे तिने सभासदत्व सोडून दिलं. गुरूची लबाडी ओळखणाऱ्या नजरेला पुढाऱ्याची लबाडी दिसेलच याची खात्री नाही.

1978 च्या पुस्तकात तिने स्वतःची दीक्षा स्वतःच घेण्याचा विधी छापून टाकला. पहिल्या चेटकिणीला दीक्षा दिली कुणी, हा तिचा बिनतोड सवाल. दहा वर्षांनी स्कॉट कनिंगहॅमचं एकट्याने उपासना करणाऱ्यांसाठीचं पुस्तक आलं आणि निगुऱ्यांचं पीक आलं. त्यांना गुरू नाही, पण पुस्तक आहे, आणि पुस्तकाशी वाद घालता येत नाही. म्हणजे एकटेपणातही सुटका अर्धीच.

उलट दिशेचा प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोत झाला. स्टारहॉक या पेगन लेखिकेने आणि तिच्या सोबत्यांनी ‘रिक्लेमिंग’ नावाचा समूह उभा केला, ज्यात निर्णय सर्वसंमतीने. जो फ्रीमन या स्त्रीवादी लेखिकेने 1970 च्या दशकाच्या आरंभीच बजावलं होतं की नेता नाही म्हणणाऱ्या गटात नेते असतातच, फक्त ते दिसत नाहीत, म्हणून त्यांना हटवताही येत नाही. ‘रिक्लेमिंग’ने 1997 मध्ये आपली तत्त्वं लिहून काढली. अखेरचा अधिकार ज्याच्या त्याच्या अंतरात, असं त्यांत आहे. मला त्या वाक्याइतकंच ते लेखी असणं मोलाचं वाटतं. व्हॅलिएन्टेने चाळीस वर्षांपूर्वी मागितलं होतं ते हेच: सगळ्यांना वाचता येईल असा कागद, ज्याने गुरूही बांधला जाईल.

आणि कागदावरचा तिचा भरवसा दुधारी होता. 1980 मध्ये जेफ्री रसेल या इतिहासकाराने लिहिलं की गार्डनरला दीक्षा देणारी ‘ओल्ड डोरथी’ प्रत्यक्षात होती याला पुरावा नाही. व्हॅलिएन्टेने नोंदणी कचेऱ्यांची दप्तरं धुंडाळायला घेतली. डोरथी क्लटरबकचा बाप हिंदुस्थानातल्या फौजेत अधिकारी निघाला, तिचा बाप्तिस्मा 1880 सालचा, अंबाल्याचा. मृत्यू 1951 चा, इंग्लंडमधला. शोधाची हकिकत 1984 मध्ये फॅरार या लेखक दांपत्याच्या पुस्तकाला परिशिष्ट म्हणून छापली गेली. ज्याच्या ‘कायद्यां’वर तिने विश्वास ठेवला नव्हता, त्याच गार्डनरच्या बाजूने हा पुरावा पडला. डोरथी होती एवढं ठरलं. ती चेटकीण होती का, हे जन्ममृत्यूच्या नोंदींत लिहीत नसतात. तो वाद अभ्यासक अजून घालताहेत.