ऐकणारे कान

२०१९ साली गूगलने ‘बोलो’ हे वाचन शिकवणारे अ‍ॅप काढले. पुढल्याच वर्षी ते ‘रीड अलाँग’ या नावाने मराठीतही आले. मूल मोठ्याने वाचते, यंत्र ऐकते, अडखळलेला शब्द सांगते. पालमला भरल्या वर्गात एकेकाचे वाचन ऐकणे माझ्यासारख्या मास्तरला साधत नाही. त्याने यंत्राला नावे कशी ठेवावीत? ते थकत नाही, रागावत नाही.

पण ज्याला थकवाच ठाऊक नाही, त्याच्या धीराला धीर म्हणावे काय? दिवसभर कापूस वेचून आलेली, अक्षरओळख नसलेली माय चुलीपुढे लेकराचा धडा ऐकते. तिला चूक कळत नाही. आपला शब्द कुणाला तरी हवासा आहे, हे लेकराला मात्र तिच्यामुळे कळते.

तेव्हा यंत्र घरात खुशाल असावे. पण या दिवाळीत लेकरू चार ओळी वाचू लागले, तर हातातली करंजी खाली ठेवून ऐकावे.