सहलीला किनारा एकच ठेव

काचीगुडा, हैदराबाद

चि. ताई,

नववीच्या मुलांना जानेवारीत विशाखापट्टणमला नेणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. पण तुझ्या यादीत सहा ठिकाणं आहेत. त्यातली चार गाळ. आर. के. बीच आणि भीमिलीच्या वाटेवरचे एर्रमट्टी दिब्बलु, म्हणजे लाल वाळूच्या टेकड्या, एवढंच ठेव.

निघण्याआधी मुलांना आपल्या प्रगतीनगरच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेची ओळख करून दे. २००७पासून देशाला त्सुनामीचा इशारा तिथूनच मिळतो, मच्छीमारांना लाटांचा अंदाजही. समुद्रापासून इतक्या लांबच्या शहरातून हे काम चालतं, हे इथल्या मुलांना ठाऊक हवंच.

आर. के. बीचवर पुळणीचा उतार मोजायला सारख्या उंचीच्या दोन काठ्या ने. टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा कर, मध्ये दोन मीटरची दोरी बांध. एक मूल पाण्याकडे, एक जमिनीकडे. मागच्याने काठीलगत डोळा खाली नेत जायचं. पुढच्या काठीचं टोक क्षितिजाला भिडलं की थांबायचं. आपल्या काठीच्या टोकापासून तिथवर जितके सेंटिमीटर, तितका तेवढ्या अंतरातला उतार. असं पाण्यापर्यंत जायचं आणि रात्री आलेख काढायचा. पुळणीचा आकार हातांनी मोजलेला मुलं विसरत नाहीत.

मग वाळूचं सांग. या काठाने वर्षभरात एकूण वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. बंदराच्या भिंती तिला अडवतात, म्हणून पलीकडचा आर. के. बीच झिजतो आणि उपसलेली वाळू तिथे आणून टाकावी लागते. मुलांना प्लास्टिक वेचायला लावून फोटो काढण्यापेक्षा हे समजावणं मला जास्त मोलाचं वाटतं.

दिब्बलुंची वाळू लोहाच्या ऑक्साइडने लाल झालेली आहे. हिमयुगात समुद्र मागे हटला, तेव्हा उघड्या पडलेल्या तळावरून वाऱ्याने ती आणली असं मानतात; घळी पावसाने कोरल्या. कडांवर चढू देऊ नकोस. मूठभर वाळूसुद्धा पिशवीत येता कामा नये.

पाण्यात कुणीही उतरायचं नाही, कितीही हट्ट केला तरी. फेब्रुवारी २०१६मध्ये मुरुडला पुण्याच्या सहलीतली मुलं बुडाली, ते माझ्या मनातून जात नाही. फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये शांत दिसणारा पट्टा फार घातक असतो, तिथूनच पाणी माणसाला आत ओढतं. हे वाळूवर उभं राहून बोटाने दाखव.

पुळण ओहोटीला मोजायची, म्हणून तिकिटं काढण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा. गोदावरी एक्स्प्रेस पहाटे पोहोचते. ओहोटी दुपारी असेल तर दिब्बलु आधी कर.

तुझी मावशी