भाकरीचे पुण्य कोणाचे?

कबनूर हे इचलकरंजीला लागून असलेले यंत्रमागांचे गाव. येथील पुष्कळ घरांत दिवसाची वाटणी सूर्यावर नव्हे, मागाच्या पाळ्यांवर होते. पाळी बदलली की स्वयंपाकाची वेळही बदलते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हापासून आम्ही शिकलेली मंडळी ज्वारीच्या भाकरीचे गुणगान अधिकच उत्साहाने करू लागलो आहोत. ते गुणगान खोटे नव्हे. भाकरी, पालेभाजी आणि ताक एवढे पानात असले म्हणजे पोटास फारशी उणीव भासत नाही.

परंतु ज्वारीत गव्हाचा चिवटपणा नसतो. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते; म्हणून ते ताजे दळून आणावे, गरम पाण्यात मळावे आणि एकेक भाकरी हाताने थापावी लागते. घराचे आरोग्य असे कोणाच्या तरी तळहातातून उतरत असते. तो तळहात बहुधा आईचा किंवा सुनेचा असतो. इतरांच्या पानात वाफाळती भाकरी पडते. तिच्या वाट्याला मात्र निवलेली येते.

मिताहार हा सद्गुण खरा. पण दुसऱ्याच्या श्रमावर आचरलेल्या सद्गुणाचे श्रेय आम्ही घ्यावे काय? आमच्या मते घेऊ नये. पन्नाशी उलटल्यावर आम्ही काठवटीपुढे बसलो, तेव्हा पहिल्या तीन भाकऱ्या फाटल्या, आणि त्या आम्हीच खाल्ल्या. घरात आरोग्य नांदावे असे ज्या पुरुषांस वाटते, त्यांनी चुलीपाशीही आपली पाळी लावून घ्यावी.